अर्धवट भरलेलं पान

सीतारामरावांचा फोन आला तेव्हा प्रणवेश आईला भाजी चिरून देत होता. मुलीकडचा फोन, म्हणून त्याने घाईने हात पुसले आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो परसात गेला.

सीतारामराव कुंभकोणमचे. त्यांची मुलगी श्रीलक्ष्मी चेन्नईत कॉलेजात शिकवते. दोघांच्या भेटीगाठी झाल्या होत्या आणि प्रणवेशला ती मनापासून आवडली होती. अडलं होतं एकाच गोष्टीवर. लग्नानंतर आपण दोघंच चेन्नईत राहू, आई तंजावुरात राहतील, असं तिचं म्हणणं. आज सीतारामरावांना शेवटचं उत्तर हवं होतं.

"मामा, अम्मा एकटी राहायची नाही," प्रणवेश म्हणाला. "ती असेल तिथे मी."

सीतारामरावांनी शक्य तितक्या गोडीत सांगितलं की तसं असेल तर त्यांना दुसरं स्थळ बघावं लागेल. फोन ठेवला गेला.

प्रणवेशला फार वाईट वाटलं. अशा वाईट वाटण्यात थोडा अभिमानही मिसळलेला असतो, तोही वाटला. अप्पा गेल्यापासून त्याने आईला एकटं असं सोडलंच नव्हतं. चेन्नईच्या कंपनीचं काम तो तंजावुरातल्या दक्षिण वीथीतल्या या घरात बसून करी. शाळेतून निवृत्त झाल्यावर आई, कनकलताबाई, जवळच्या तिरुवैयारुला गाणं शिकायला जाऊ लागल्या, तर हा त्यांना स्कूटरवर नेऊन सोडी आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर बसून राही. बसने जाते म्हणाल्या की म्हणे, गर्दीत कशाला? गल्लीतल्या बायका आपापल्या मुलांना त्याचं उदाहरण देत. मुलं वैतागत.

तो आत आला. आईने विचारलं, कुणाचा फोन? त्याने सांगून टाकलं.

कनकलताबाईंचा कढईतला हात थांबला. "नाही म्हणालास?"

"तुला टाकून कसा जाऊ?"

"मी काय लेकरू आहे, कण्णा? तू जा. माझं मी बघून घेते."

"तू असंच म्हणणार, ठाऊक आहे मला."

त्याच्यापुढे फिल्टर-कापी ठेवून, अप्पांचा जुना मोबाइल उचलून त्या पदराने डोळे टिपत माडीवर गेल्या. प्रणवेशला भरून आलं. आपल्यासाठी हिचा जीव किती तुटतो, असं त्याच्या मनात आलं.

मन रमवायला तो कामाला बसला. तंजावुरातल्या मराठी मंडळाचं वधूवरांचं संकेतस्थळ त्याने हौसेने बांधून दिलं होतं. त्याची एक मोठी तक्रार होती. माहिती भरता भरता कुणाचा फोन आला की पान नव्याने उघडे आणि भरलेलं सगळं पुसलं जाई. गोत्र, रास, नक्षत्र पुन्हा पुन्हा भरून लोक कंटाळले होते. नुकताच त्याने त्यावर इलाज केला होता. कोण कुठल्या पानावर होतं, शोधाला काय अटी लावल्या होत्या, मजकूर कुठवर आला होता, सगळं आता आपोआप सर्व्हरवर त्या त्या खात्यात जपलं जाई. फोनवर अर्धं सोडलेलं पान संगणकावर तसंच्या तसं उघडे. आईला त्याने कौतुकाने दाखवलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, दुसऱ्या कुणाला दिसत नाही ना? ज्याचं त्यालाच दिसतं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

खातं मात्र घरटी एकच. आपल्या लोकांत घराचा सगळा कारभार वडिलांच्या नंबरावर चालतो. या घराचं खातंही अप्पांनीच उघडलं होतं आणि प्रणवेश त्यातूनच आत शिरे. श्रीलक्ष्मीच्या स्थळापुढे 'जमलं नाही' असं लिहायला त्याने ते उघडलं.

समोर भलतंच पान आलं. वर पाहिजे. वय साठच्या पुढे. विधुर चालेल. राहणार शक्यतो तिरुवैयारु.

दुसऱ्याच कुणाचं पान इथे उघडलं, असं त्याला वाटलं. परक्या घरची स्थळं आपल्या पडद्यावर आली, तर आपली आणखी कुणाच्या तरी पडद्यावर गेली असणार. लोकांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येणार आणि मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्याने घाईघाईने सर्व्हरवरची नोंद तपासली. चूक कुठेच नव्हती. खातं याच घराचं होतं आणि पान आत्ता, याच मिनिटाला जपलं गेलं होतं.

तो ते पान खाली सरकवत गेला. वधूची माहिती अर्धी भरलेली होती. तमिळ अक्षरांत आपली मराठी, घराघरांत लिहितात तशी. निवृत्त शिक्षिका. पती हयात नाहीत. गाण्याची आवड.

प्रणवेशने जिन्याकडे पाहिलं. माडीवर अगदी शांतता होती. अम्माला एकटेपणा वाटतो आणि आपल्याला कधी कळलंही नाही, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली. मी असताना तिला एकटं का वाटावं, असंही वाटलं, आणि त्याचाच जास्त धक्का बसला.

सगळ्यात खालच्या 'आणखी काही सांगायचं असल्यास' या चौकटीत दोनच शब्द होते. 'मुलगा चांगला'.

त्याने पान पुन्हा उघडलं. मजकूर वाढला होता. 'मुलगा चांगला आहे. पण किती सांगितलं तरी घर सोडून जात नाही.'

त्याने पुन्हा उघडलं.

'म्हणून मीच निघते.'