ठेवणीतले कपडे

देणगीच्या पत्रकासाठी फोटो काढायचा, म्हणून वसतिगृहाच्या मुली ईदचे ठेवणीतले कपडे घालून अंगणात रांगेने उभ्या राहिल्या होत्या. मुंबईहून आलेल्या फोटोग्राफरच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"मॅडम, असल्या झगमगाटात देणगी कोण देईल? रोजचे जुने कपडे घालायला सांगा. आणि हसू नका म्हणावं."

वसतिगृह चालवणाऱ्या हलीमाबींना हा सूर ओळखीचा होता. मुरूडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी वस्तीतून जाऊन साड्यांच्या जाहिरातीत झळकलेली पहिलीच काळी मुलगी म्हणजे तरुणपणीच्या त्याच. पण दर वेळी मेकअपवाला त्यांच्या तोंडावर गोरी पावडर थापायचा आणि वर म्हणायचा, "साडी खपायला पाहिजे ना, बाई!" त्या गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याच्या कमाईतूनच हे वसतिगृह उभं राहिलं होतं.

एक मुलगी मुकाट्याने कपडे बदलायला वळली, तशी हलीमाबींनी तिला खांद्याला धरून थांबवलं.

"पाठ ताठ. हनुवटी वर. आता हसा गं सगळ्या."

पत्रक तसंच छापलं. देणग्या निम्म्यावर आल्या. प्रवेशासाठी मात्र दुपटीने अर्ज आले. खर्चाची तोंडमिळवणी काही होईना. शेवटी अडुसष्टाव्या वर्षी हलीमाबी पुन्हा जाहिरातीची साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसल्या.

मेकअपवाल्या पोरीने सवयीने गोऱ्या पावडरचा डबा उघडला. हलीमाबींनी हात पुढे करून त्याचं झाकण लावलं आणि हनुवटी वर केली.