पाठकोरं पाकीट

पहिल्या हार्ट अटॅकचं बिल थकलं, तेव्हापासून हॉस्पिटलची पाकिटं येत राहिली. बाबांनी एकही उघडलं नाही, आणि हॉस्पिटलची पायरीही पुन्हा चढले नाहीत. दुसऱ्या अटॅकमध्ये ते घरातच वारले.

महिन्याभराने तो गठ्ठा मला स्वयंपाकघरात सापडला, चिमट्यात अडकवलेला. प्रत्येक बंद पाकिटाच्या पाठीवर आईच्या अक्षरात सामानाची यादी.

“अगं आई, एक तरी उघडून बघायचं ना!”

“हेच द्यायचे मला. म्हणायचे, आत शिव्याच असणार, पाठ कोरी आहे तेवढी वापर.”

“धन्य आहात दोघंही!”

वैतागून मी एकेक पाकीट फाडत गेले. तगादा, पुन्हा तगादा, मग शेवटची सूचना. त्यानंतरच्या पाकिटात मात्र चारच ओळी होत्या. तुमची थकबाकी मदतनिधीतून माफ झाली आहे. हृदयाची तपासणी राहिली आहे, तीही मोफत होईल. कृपया लवकर या.

“काय म्हणतायत गं?” आईने विचारलं.

“काही नाही, नेहमीचंच,” म्हणत मी पाकीट पालथं घातलं. मागे लिहिलं होतं: साबण, काडेपेटी, ह्यांच्या छातीला चोळायला बाम.