चिन्हाखालची लोकर

गेलेल्या मुलाचा स्वेटर द्यायला आई निर्वासितांच्या छावणीत आली. छातीवर तिनेच भरलेलं धर्मचिन्ह होतं.

"काकू, तेवढं उसवून द्या," कपडे वाटणारा म्हणाला. "ही माणसं आपल्यातली नाहीत. चिन्ह दिसलं तर हातसुद्धा लावायची नाहीत."

तिने तिथेच बसून टाका न् टाका उसवला. पण स्वेटर विटला होता; चिन्हाखालची लोकर तेवढी गडद राहिली होती.

"इथे काय होतं, ताई?" स्वेटर घेणाऱ्या बाईने विचारलं.

"फूल."

पुढच्या खेपेला त्या बाईचा मुलगा तोच स्वेटर घालून समोर आला. गडद खुणेवर लाल दोऱ्याने तेच चिन्ह पुन्हा भरलेलं होतं.

"फूल नव्हतं ते, कळलं होतं मला," बाई म्हणाली. "पण लेकाचं होतं ना, ताई?"