गड्याचा आवाज

शेवटच्या अध्यायाच्या मध्यावर सुमंत गुरुजींच्या कानातला आवाज बंद पडला.

गुरुजींना दिसत नाही. कानात हेडफोन, त्याची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपसमोर मुलगी अपूर्वा. लॅपटॉप पोथीतली ओवी कानात सांगायचा, गुरुजी ती माईकवर म्हणायचे. खरी पोथी चौरंगावर उघडलेली असायची, पण पूजेपुरती. सोनईजवळच्या त्या देवळात सप्ताहभर असंच चाललं होतं. बाहेर आमटीची कढई उतरली होती. अध्याय संपला की पंगत बसणार होती.

गुरुजी अडखळले. मग त्यांनी आधीचीच ओवी पुन्हा म्हटली.

‘धुनी विझली रानात । राख उरली हातात । नाथ बैसले शांत । काही न बोलती ॥’

अपूर्वानं मान वर केली. गुरुजींनी दोन बोटं कानावर आपटली. त्यांना एवढंच करता येत होतं. अध्याय चालू असताना वाचणाऱ्यानं पोथीबाहेरचा शब्द बोलायचा नाही आणि गप्पही राहायचं नाही. खंड पडला तर सप्ताह पुन्हा पहिल्यापासून. आणि ज्याच्या तोंडी खंड पडला, तो पुन्हा आसनावर बसत नाही.

पडद्यावर चौकट आली होती: आवाजासाठी एकही उपकरण सापडले नाही.

तिनं पिन काढून पुन्हा खोचली. दुसऱ्या खाचेत घातली. सेटिंग उघडायला गेली, तर पडद्याखालची पट्टीच नाहीशी झाली. माऊसचा बाण कोपऱ्यात जाऊन थिजला. पुण्यात तिचं कामच हे होतं. बाजारात न आलेली, बीटा म्हणतात ती सिस्टिम चालवायची आणि चुका शोधायच्या. ‘रोजच्या मशीनवर बीटा टाकू नका’ ही सूचना ती स्वतः लोकांना पाठवायची.

वडिलांच्या लॅपटॉपवर तिनंच ती टाकली होती. जुन्या सिस्टिममध्ये मराठी वाचणारा आवाज बाईचा होता.

कमिटीच्या बैठकीत ती म्हणाली होती, “मशीन कशाला? मीच बसते बाबांच्या कानाशी.” कमिटीचे अध्यक्ष गोरक्षनाथ तात्या म्हणाले, “हितं पोथीला बाईचा आवाज चालत न्हाई.” मशीनला कुणाची हरकत नव्हती. “फकस्त आवाज गड्याचा पायजे,” तात्यांनी बजावलं. गड्याचा आवाज बीटातच होता.

‘धुनी विझली रानात…’

“तीच ओवी पुन्यांदा?” बायांच्या बाजूनं रंगुबाई कुजबुजली. “गुरुजी भुललं का काय?”

तात्या पुढं सरकले. “काय झालं, ताई?”

“दोन मिनिटं, तात्या.”

“पोथीला मिनटं नसत्यात.”

मशीन बंद करून चालू करण्यावाचून काही उरलं नव्हतं. तिनं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, उजळला, आणि त्यावर अक्षरं आली: दुरुस्त्या बसवल्या जात आहेत. यंत्र बंद करू नका.

एक गोल फिरत राहिला.

गुरुजी तीच ओवी म्हणत होते. आता सगळ्यांनाच कळलं होतं. पुरुषांच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. गुरुजींचा घसा सुकला होता, ‘राख’ म्हणताना आवाज चिरकला. पाण्याचा तांब्या जवळच होता, पण पाणी प्यायचं तर थांबावं लागलं असतं.

“गुरुजी, बिघडलं आसंल तर तसं सांगा,” तात्या म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की गुरुजी सांगू शकत नाहीत.

अपूर्वा पडद्याकडं बघत होती. गोल फिरत होता. तिनं उगाचच एक कळ दाबली, मग दुसरी.

गुरुजींचा हात चाचपडत आला. त्यानं तिचं मनगट पकडलं, कळांवरून उचललं आणि पोथीच्या पानावर ठेवलं. ओवी म्हणता म्हणताच त्यांनी कानातला हेडफोन उपसला, मांडीवर टाकला आणि कान तिच्याकडं केला.

तिनं तात्यांकडं पाहिलं. मग ओळीवर बोट ठेवलं आणि पुढची ओवी वाचली.

ती हळूच वाचत होती, पण माईक जवळ होता. मंडपात आधी तिचा आवाज गेला, मागून गुरुजींचा.

“ओ ताई!” तात्या उठले. “गुरुजी, हे चालायचं न्हाई.”

गुरुजींना उत्तर देता येत नव्हतं. त्यांना फक्त पुढची ओवी म्हणता येत होती. ती त्यांनी म्हटली.

“थांबू नगं गं पोरी,” रंगुबाई आता मोठ्यानं म्हणाली. “आन् तात्या, तुमी थांबवलं तर खंड तुमच्या नावानं पडंल बरं का!”

कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं. तात्यांनी मंडपाकडं पाहिलं. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं, सगळे आसनाकडं बघत होते. ते बसले नाहीत, पुढंही गेले नाहीत.

तीन-चार ओव्या झाल्या. पान उलटलं. तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा निळा झाला आणि गुरुजींच्या मांडीवरच्या हेडफोनमधून बारीक, स्पष्ट, गड्याचा आवाज आला: “नमस्कार. यंत्र तयार आहे.”

तात्यांनीही तो ऐकला. त्यांचा चेहरा सैलावला. “झालं न्हवं चालू? लावा आता कानात.”

अपूर्वाचं बोट ओळीवर थांबलं. तिनं वडिलांकडं पाहिलं.

गुरुजींनी तोंडातली ओवी पुरी केली. मांडीवरची वायर शांतपणे बोटांभोवती गुंडाळली, हेडफोनसकट आसनाखाली सरकवली, आणि कान पुन्हा तिच्याकडं केला.