बोरवाडीचे एकाहत्तर

सातव्या दिवशी केराबाई चौथ्यांदा एसटीत चढायला आली आणि अनिमेषनं कागदावर आणखी एक रेघ ओढली.

"मावशी, आज कितव्यांदा?"

"मी? मी तर आत्ताच आले की! सकाळची हिरव्या लुगड्यातली बाई येगळी हुती."

लुगडं बदललं होतं खरं, पण पायातल्या वहाणा त्याच होत्या, टायरचं ठिगळ लावलेल्या. अख्ख्या बोरवाडीची हीच चूक. लुगडी बदलली, टोप्या बदलल्या, पण वहाणा काही कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत. आणि ध्यानात येऊन तरी काय? जोड एकच, बदलणार कुठून!

अनिमेष सोलापूरच्या नवी पेठेतला, कंत्राटावर घेतलेला मोजणीदार. पुढची पंचवीस वर्षं कुठली बस कुठं धावावी, हे ठरवायला सरकारनं टास्क फोर्स नेमला होता. दोन वर्षांचं काम संपत आलं होतं आणि मोजणीत बोरवाडी शेवटची होती. नियम सरळ होता. दिवसाला साठ उतारू भरले नाहीत, तर तो मार्ग आराखड्यातून बाद.

पहिल्या दिवशी भरले बावीस. त्यातल्या एकोणीस मोहोळला शिकायला जाणाऱ्या पोरी. केराबाईची नात सृष्टी त्यांच्यातलीच, बारावीची. बस गेली की पोरींचं शिक्षण गेलं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

साठाचा नियम गावाला कळला आणि दुसऱ्या दिवशी एकदम एकाहत्तर! गाव बसमध्ये चढायचं, पुढच्या थांब्यावर उतरायचं, बांधाबांधानं दोन किलोमीटर मागं चालत यायचं, लुगडं बदलायचं आणि पुढच्या बसला पुन्हा उभं राहायचं. ऊन कसलं, नुसता तापलेला तवा. कंबर धरून बिरप्पा चालला, केराबाईची पंच्याऐंशी वर्षांची जाऊ चालली. तोंडाला उपरणं गुंडाळलेला, काठी टेकणारा एक म्हातारा थांब्यावर गप उभा होता, तर केराबाईनं "पाव्हणं, बघताय काय, चढा की!" म्हणून त्यालाही दंडाला धरून आत घातला. तो कुणाचा पाहुणा, हे कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्या घरचा असेल. मग तोही रोज यायला लागला आणि बांधावर बसून सगळ्यांच्या भाकरी खायला लागला. शेवटच्या दिवशी तर काठी बांधावरच विसरून गेला.

काय ही माणसं! अनिमेषचा ऊर भरून यायचा. तक्रारीचा एक शब्द नाही कुणाच्या तोंडी.

फॉर्मवर विचारलं होतं, 'चढलेले उतारू किती?' आणि चढले तर होतेच. तेवढ्यावर त्यानं एकाहत्तर लिहून टाकले. पण खोटं ते खोटंच. त्याला घास गोड लागेना.

चार दिवसांनी सोलापुरात टास्क फोर्सची शेवटची बैठक भरली. अहवाल तयार होता, अध्यक्षांची सही तेवढी बाकी. अध्यक्ष गंगाधरराव म्हणजे रस्त्यांच्या कामात हयात घालवलेले इंजिनिअर. आकडा एकानं चुकला तर तालुका पुन्हा मोजायला लावणारा माणूस, अशी ख्याती. अनिमेषनं त्यांना आजवर फक्त पत्राखालच्या सहीत पाहिलं होतं. ते खुर्च्यांचा आधार घेत सावकाश आले आणि बसले.

मागच्या रांगेत गावातर्फे निकाल ऐकायला आलेली केराबाई होती, शेजारी सृष्टी. बाईचा कणा ताठ, तरी हातात ही भलीमोठी काठी! अनिमेषला वाटलं, आपण तोंड उघडलं, तर ही काठी आपल्याच पाठीत बसणार.

गंगाधररावांनी पेन उघडलं. "सहीआधी मी मोजणाऱ्याला विचारतो, साहेबांना नाही. ती माझी सवय आहे. बोरवाडी कुणी मोजली?"

अनिमेष उठला.

"एकाहत्तर लिहिलेत. खरे किती?"

त्यानं मागं पाहिलं. सृष्टी त्याच्याकडंच बघत होती. एकाहत्तर म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच तर होतं.

"बावीस, सर."

"आरं देवा!" केराबाईनं कपाळावर हात मारला. "पोरींचं वाटुळं केलंस की रं!"

अनिमेषची मान खाली गेली. कुठून ही अवदसा आठवली, असं त्याला झालं.

गंगाधररावांनी एकाहत्तर खोडले आणि बावीस लिहिले. "शाबास," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी त्याखाली बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि कागद सचिव देवयानीताईंकडं सरकवला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "ज्या बसनं मुली शाळा-कॉलेजला जातात, ती बस उतारू कमी म्हणून बंद होणार नाही. राज्यात कुठेही."

केराबाई रडू लागली. सृष्टीनं तिचा हात घट्ट धरला.

"सर, पण याला आधार काय दाखवायचा?" देवयानीताईंनी विचारलं.

"आपण चढणारे मोजले, ताई. चालत मागं येणारे मोजायचे राहिले. पोरींसाठी ज्या गावातली म्हातारी माणसं भर उन्हात दोन-दोन किलोमीटर चालतात, त्या गावाला मी आकडे शिकवू?"

अनिमेष चमकला. त्यानं तर फक्त बावीस एवढंच सांगितलं होतं. चालण्याचं एका अक्षरानं नाही.

गंगाधररावांनी ठसठशीत सही केली, फाईल मिटली आणि टास्क फोर्सचं काम संपल्याचं जाहीर केलं. मग खुर्च्यांना धरत धरत ते शेवटच्या रांगेपाशी आले आणि त्यांनी हात पुढं केला.

"केराबाई, काठी द्या माझी."