मुक्या जेवणाचे अकरा नियम

सहावा नियम होता, घराचं दार उघडं ठेवायचं. मॉर्वेनाने ते पुन्हा उघडलं आणि समुद्रावरचा वारा आत येऊन, पाहुण्यासारखं न बसता, चौथी मेणबत्ती विझवून गेला. तासाभरातली ही तिसरी खेप.

पण तक्रार कुणाकडे करणार? नियम तिनेच केले होते. तिच्यासारखे जुन्या देवांना मानणारे गावात नऊ जण होते, त्यांचा गट तिने उन्हाळ्यात सोडला. मौन किती वेळ पाळायचं, यावर तिथे दीड तास चर्चा व्हायची. मग सात पुस्तकं पुढ्यात घेऊन तिने एकटीपुरता विधी वहीत उतरवला. गटात चार दिशांना चार बायका उभ्या राहत. इथे चारही बायका तीच. पूर्वेला वाऱ्याला हाक मारायची, खुर्ची आणि मांजर ओलांडून दक्षिणेला जायचं, की पुढे पश्चिम. पश्चिम पाण्याची. पश्चिमेला फ्रीज होता. तिने फ्रीजला वाकून नमस्कार केला होता.

सातवा नियम : दार उघडल्यापासून मेलेल्या माणसाचं ताट रिकामं होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

टेबलावर दोन ताटं होती. दोन्हींत करंजीसारखी काठाला घट्ट मुरड घातलेली, बटाटा, सलगम आणि मटण भरलेली एकेक पेस्टी. एकीच्या टोकावर कणकेचं ‘एम’, दुसरीच्या टोकावर ‘पी’. पी म्हणजे पेट्रॉक, तिचा भाऊ. एप्रिलमध्ये त्याने तिच्या विधींना ‘भातुकली’ म्हटलं. ‘यापुढे तुझ्याशी बोलायचंच नाही मला,’ असं म्हणून ती सोळा दिवस बोलली नाही. सतराव्या दिवशी तो होडी रंगवता रंगवता गेला. अकरावा नियम एवढाच होता : तो रागात गेला का, याची खूण मागावी.

“दार सताड टाकलंयस की गं, पोरी!”

शेजारचे ट्रेम्बाथकाका आत आले. वय ऐंशी, चाळीस वर्षं कथलाच्या खाणीत काढलेली, हातात आजच्या, मेलेल्यांच्या सणाला द्यायचं मोठं लाल सफरचंद. ते पेट्रॉकच्या खुर्चीत बसले.

मॉर्वेनाने ओठांवर बोट ठेवलं. मग वहीतला सातवा नियम त्यांच्या नाकासमोर धरला.

“चष्मा घरी राहिला,” काका म्हणाले. “तूच वाच.”

तिने वही मिटली.

“रागावलीस?” काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “बरं बाबा. फाटकाचा खांब मी पाडला. गाडी मागे घेताना.”

दोन वर्षं ती त्या खांबाचा दोष पोस्टमनला देत होती. नाताळचं कार्डसुद्धा दिलं नव्हतं त्याला.

“अजून राग आहेच? मग तेही सांगून टाकतो. तुझं मांजर सकाळी माझ्याकडे जेवतं. मासे.”

मांजर उठून फ्रीजमागे गेलं.

मॉर्वेनाने दोन्ही हातांनी खुर्चीकडे, ताटाकडे, छताकडे आणि दाराकडे खुणा केल्या. त्यांचा अर्थ ‘उठा, ही माझ्या मेलेल्या भावाची जागा आहे’ असा होता.

“मला? कशाला उगीच,” काका म्हणाले आणि पेस्टी उचलून बिनअक्षराच्या टोकाकडून चावली. “सलगम जरा जास्त झालंय.”

ती आपल्या ताटापुढे बसली. सात पुस्तकं. त्यातल्या एकातही शेजाऱ्याचं काय करावं हे नव्हतं.

“पेट्रॉकही असाच येऊन बसायचा माझ्याकडे,” काका खाता खाता म्हणाले. “एप्रिलात. तू बोलत नव्हतीस ना, तेव्हा. मी म्हटलं, भांडलात का रे? तर म्हणाला, छे हो काका, तिचं मौन चालू आहे. नवा विधी दिसतोय, बराच लांबलाय. मोडायला नको.”

मॉर्वेनाने वही उघडून अकरावा नियम पुन्हा वाचला.

“रात्री घरी जाताना बूट काढून हातात घ्यायचा. जिना वाजतो म्हणायचा. माझ्या कॅलेंडरवर तुझे आठही सण त्यानेच लिहून ठेवलेत. त्या दिवशी कुंपण कापायचं मशीन लावायचं नाही, अशी तंबी. तेच विचारायला आलो. आजचं झालं का? उजेड आहे तोवर कापून टाकतो.”

त्यांनी बोटं पुसली. ताटात मुरडीचं एक टोक तेवढं राहिलं होतं, ‘पी’सकट.

मॉर्वेनाने त्याच्याकडे बोट दाखवलं.

“ते ठोकणाऱ्यांचं,” काका म्हणाले. “खाणीतली भुतं गं, भिंतीआडून ठोकायची. शेवटचं टोक त्यांना ठेवायचं. खाण बंद पडली म्हणून काय त्यांनी उपाशी राहायचं?”

म्हणजे ताट काही रिकामं होत नव्हतं. म्हणजे मौनही कधी संपणार नव्हतं. वाऱ्याने उरलेल्या तीन मेणबत्त्याही विझवल्या. ती उठली नाही.

“कुंपण उद्या कापा, काका,” ती म्हणाली.

“हां! बोलतेस तर,” काका म्हणाले. सफरचंद ‘पी’शेजारी ठेवून ते निघून गेले. दार त्यांनी सवयीने लावून घेतलं.

मॉर्वेनाने उठून ते पुन्हा उघडलं. मग वही ओढली, सातव्या नियमावर रेघ मारली आणि अकराव्याच्या खाली लिहिलं : पोस्टमनला कार्ड.

त्याखाली आणखी एक ओळ :

पुढच्या वर्षी पेस्ट्या तीन. सलगम कमी.