विंगेतला आवाज

नाट्यमंडळाचं पत्र येऊन महिना झाला, तरी आबा खानोलकरांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘यंदाचं नाटक तुम्हीच बसवा.’ जन्मभर विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग केलेल्या माणसाला हे कसं झेपायचं?

दिग्दर्शकाविनाच सुरू झालेल्या तालमीत लेकीला सासरी धाडताना आईच्या भूमिकेतली सुलभा पुन्हा हंबरडा फोडू लागली, तसे आबा विंगेतून न राहवून बोलून गेले, "रडू नकोस. नुसती तिच्या पदराची पिन नीट कर."

सुलभाने तसं केलं आणि लेकीचं काम करणारी मुलगी खरोखरच रडली.

"पुढे या, आबा," सुलभा म्हणाली. "तिथनं डोंबल दिसतंय तुम्हाला."

आबांनी खुर्ची समोर मांडली आणि दिवेलागणीपर्यंत तालीम घेतली.

मंडळाचे कार्यवाह शेजारीच राहायचे, पण तोंडाने सांगायला आबा लाजले. ‘बसवतो’ एवढंच लिहिलेलं कार्ड त्यांनी हसत टपालपेटीत टाकलं.